कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या?

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात? आमच्या जुन्या घरी यायच्या. आई म्हणायची, "कॉम्प्युटर बिघडलाय." बिघडलं होतं ते प्लगपॉइंटचं अर्थिंग.

मदरबोर्डचा ग्राउंड पितळी स्टँडऑफमधून कॅबिनेटला, कॅबिनेट एसएमपीएसच्या पत्र्याला आणि तो पत्रा प्लगच्या जाड तिसऱ्या पिनमधून जमिनीला जोडलेला असतो. एसएमपीएसमधल्या फिल्टर कपॅसिटरमधून थोडी वीज पत्र्यावर येतच असते. अर्थिंग तुटलं, की २३० व्होल्टच्या निम्मा, सुमारे ११५ व्होल्ट दाब कॅबिनेटवर राहतो. करंट अगदी कमी, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण आतलं इन्सुलेशन गेलं, तर तेच कॅबिनेट जीव घेऊ शकतं.

म्हणून तिसरी पिन कापू नका, टू-पिन अडॅप्टर लावू नका. झिणझिण्या आल्या, तर आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.