घरची इस्त्री, घरचा धंदा

मागच्या भागात आपण निवृत्तीनंतरच्या बजेटबद्दल बोललो. आज विषय इस्त्रीचा आहे. हसू नका, शेवटपर्यंत ऐका.

माझ्या पलटणीतला एक हवालदार निवृत्त होऊन बडोद्याला राहायला गेला. तिथे सिक्युरिटीची नोकरी धरली आणि वर्षभरात अर्धांगवायूचा झटका आला. पेन्शन होती, पण औषधे आणि दोन मुलांची फी त्यात बसेना. त्याच्या पत्नीचा फोन आला, "साहेब, मला बाहेर जाऊन नोकरी करता येत नाही. यांना एकटं सोडता येत नाही."

मी विचारले, "ताई, तुम्हाला घरातले कोणते काम उत्तम येते?"

"यांच्या युनिफॉर्मची इस्त्री. वीस वर्षं केली. पण त्याचे कोण पैसे देणार?"

इथेच आपली गाडी अडते. घरची बाई जे काम करते त्याची किंमत शून्य, असे आपण धरून चालतो. मीही तेच केले. सेवेत कपडे वॉशरमन बघायचा, सुट्टीत सौ. बघायची. त्याला किती वेळ लागतो, हे मी कधी घड्याळ लावून पाहिले नाही.

म्हणून पहिले काम म्हणजे घड्याळ लावा. ताईंनी लावले. तासाला साधारण 12 कपडे झाले. आता हिशेब करू. समजा तुमच्या भागात नगाला 10 रुपये मिळतात. दिवसाला 60 नग म्हणजे 600 रुपये आणि पाच तास. हजार वॅटची इस्त्री तासाला जास्तीत जास्त एक युनिट खाते. युनिटला 10 रुपये धरले तर वीज 50. किरकोळ खर्च 30. हातात राहिले 520. पण कपडे आणणे, मोजणे, पोचवणे यात आणखी दीड तास जातो, तोही धरा. साडेसहा तासांचे 520, म्हणजे तासाला 80 रुपये. महिन्याचे 26 दिवस धरले तर 13,520. तुमच्या गावचा दर घालून हाच हिशेब करा. आकडा पटला तरच पुढे जा.

दुसरे काम म्हणजे शिस्त. कपडे घेताना गिऱ्हाइकासमोर मोजा, वहीत लिहा, डाग किंवा फाटके असेल तर तेव्हाच दाखवा. प्रत्येक घराला एक नंबर द्या आणि गाठोड्याला त्या नंबरची चिठ्ठी बांधा. लेबलवरच्या इस्त्रीच्या चित्रातले ठिपके वाचा. एक ठिपका म्हणजे 110 अंशांपर्यंत, दोन म्हणजे 150, तीन म्हणजे 200. नायलॉनला एक, रेशमाला दोन, सुतीला तीन. लेबल नसेल तर आतल्या शिवणीवर आधी लावून बघा.

ताईंनी एकदा हे केले नाही. शेजारणीच्या साडीचा पदर चिकटला. त्यांनी न लपवता सांगितले आणि तीन हप्त्यांत भरपाई दिली. ती शेजारीण आजही त्यांची गिऱ्हाईक आहे.

तिसरे काम सगळ्यात अवघड, पैसे मागणे. "ओळखीचे आहेत, कसे मागू?" पहिल्या महिन्यात ताईंनी चार घरांचे काम फुकट केले. मी म्हटले, "दर लिहून दारावर लावा. मग तुम्हाला बोलावे लागणार नाही." लावला. दोन घरे सुटली, सात नवी आली.

आता कागदपत्रे. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. 2023 साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या 18 व्यवसायांत धोबीकामही आहे. आपण पात्र आहोत का ते विचारून घ्या. घरच्या मीटरवर धंदा चालवण्याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत, तेव्हा वीज कार्यालयात आधी चौकशी करा. आणि सुरुवातीला कर्ज नको. घरची इस्त्री, टेबल आणि जुनी चादर पुरते.

परवा ताईंचा फोन आला. थोरलीची फी भरली होती. हवालदार आता उजव्या हाताने चिठ्ठ्यांवर नंबर लिहितो. अक्षर वाकडे येते, पण हिशेब चुकत नाही.

आज घरातले एक काम निवडा आणि घड्याळ लावा. पुढच्या भागात भेटू. जय हिंद!