डाएटला टाटा, वॉकला हाय!

गेल्या गणपतीतली गोष्ट. आई उकडीचे मोदक घेऊन आली. ‘‘अगं, एक तरी खा, बाप्पाचा प्रसाद आहे.’’ मी ठसक्यात म्हटलं, ‘‘नको, माझं डाएट चालू आहे!’’ आई काही न बोलता ताट घेऊन आत गेली. रात्री साडेअकराला फ्रिजसमोर उभं राहून मी तेच मोदक हाणले. एक नाही, चांगले पाच!

ते माझं चौथं डाएट. आधी सात दिवस कोबीचं सूप, मग नुसती फळं, मग भात-पोळी बंद. दर वेळी दोन-तीन किलो जायचे आणि महिन्याभरात व्याजासकट परत यायचे. त्याच आठवड्यात ऐरोलीच्या ऑफिसला निघाले असताना नेरूळ स्टेशनच्या जिन्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली. एका अनोळखी काकूंनी हाताला धरून बसवलं, डब्यातला लाडू भरवला. म्हटलं, बस्स झालं!

तुम्ही म्हणाल, विलपॉवरच नाही हिच्यात. तसं नाही हं! 1944-45 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना सहा महिने जवळपास निम्म्या जेवणावर ठेवलं होतं. त्यातले काही जण चक्क पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे! पोट मारलं की डोक्यात दुसरं काही येतच नाही.

आपल्याकडे 2018 च्या सुमारास घरोघरी वाद रंगले होते. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दोनदा जेवण, की ऋजुता दिवेकरांचं थोडं थोडं खाणं? गंमत म्हणजे व्यायाम करा असं दोघंही सांगत होते. आपण मात्र फक्त ताटावरून भांडत बसलो!

आता मी घरचं सगळं खाते, फक्त ताट एकदाच वाढून घेते. पोळ्या दोन, भात मूठभर, भाजी-कोशिंबीर भरपूर. ऑफिसमध्ये बर्थडेचा केक आला तर एक पीस, तोही गिल्ट न बाळगता. आणि आठवड्यातून पाच संध्याकाळी नेरूळच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’त तळ्याकाठी अर्धा तास झपझप चालते. झाली की 150 मिनिटं! जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान एवढाच मध्यम व्यायाम सांगते. पूर्वी सलग दहा मिनिटं तरी हवीत अशी अट होती, ती 2020 मध्ये गेली. म्हणजे स्टेशनचा जिना भरभर चढलात, रिक्षा सोडून तरातरा चालत गेलात, तर तेही धरायचं.

वर्षभरात पाच किलो उतरले. कमी वाटतात? पण परत आलेले नाहीत!

यंदा पुन्हा मोदक आले. तूप घालून दोन खाल्ले, आईसमोर बसून. ‘‘अजून एक?’’ तिने विचारलं.

‘‘आता नको, उद्या. चल, तळ्यावर येतेस?’’

आई चप्पल घालून तयार!