जुन्या मारुती ८००चे शॉकअप घरी बदलताना
माहुलकरांनो, टँकरांनी खचलेल्या आपल्या रस्त्यांवर २०१४ला बंद झालेली मारुती ८०० अजून पळवताय? मग पुढच्या शॉकअपवर तेलाचे ओघळ आणि टायरची उंचसखल झीज बघा. दोन्ही दिसलं तर डावा-उजवा जोडीनेच बदला.

हे मात्र नीट वाचा: पुढचा शॉकअप आणि स्प्रिंग यांच्या एकत्र जोडणीत, म्हणजे स्ट्रटमध्ये, स्प्रिंग दाबून बसवलेली असते. स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर दोन्ही बाजूंनी सारखा आवळल्याशिवाय वरचा मधला नट सोडू नका, उसळलेली स्प्रिंग जीव घेऊ शकते. गाडी नुसत्या जॅकवर नको, स्टँड हवाच. ब्रेकचा पाइप ताणला जाऊ देऊ नका.

वरचं माउंटिंग, बेअरिंगही नवं टाका. कुर्ल्याला सीएसटी रोडवर पार्ट्सची दुकानं आहेत. स्ट्रटचे बोल्ट सुटले की चाकाचा कोन हलतो, म्हणून लगेच अलाइनमेंट करून घ्या.