समुपदेशकाला सांगितलेलं कुणाकुणाला कळतं?

‘फी आम्ही भरतो, मग आमचा सज्ञान मुलगा आत काय बोलला ते आम्हाला का सांगत नाहीत?’ घरच्यांचा हा प्रश्न काळजीपोटीच येतो. पण बोललेलं घरी पोचणार अशी धास्ती असेल, तर मुलगा नेमकं तेच दडवेल आणि उपचार वरवरचे होतील. गुप्तता हा उपचाराचाच भाग आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने तर तो रुग्णाचा हक्कच मानला आहे. मग जिवावर बेतलं तर? जिवाला धोका, दुसऱ्याला इजा होण्याची शक्यता, न्यायालयाचा आदेश अशा प्रसंगी कायदा अपवाद करतो. मात्र दुसऱ्याला वाचवण्यासाठीही गरजेपुरतीच माहिती उघड करता येते, अख्खी फाइल नव्हे. पहिल्याच भेटीत समुपदेशकाकडून या मर्यादा नीट समजून घ्या.