दोरी कापली, तरी अख्खी

आभाळात उभ्या दोरीवर चढणाऱ्या पोराची गोष्ट ही १८९० साली ‘शिकागो ट्रिब्यून’ने छापलेली थाप. आजची जादू मात्र घरी जमते.

मीटरभर सुती नाडी घ्या, नायलॉन निसटतं. दोन्ही टोकं डाव्या मुठीतून वर काढा. खाली लोंबणारा वळसा मुठीशी आणा आणि आडून, त्या वळशातून एका टोकाजवळची दोरी ओढून वर दाखवा. बघणाऱ्याला तीच मधली वाटते. ती कापा. सुटतो बोटभर तुकडाच! लांब टोकं खाली सोडून तुकड्याची नाडीवर गाठ मारा. नाडी गुंडाळताना गाठ सरकवून मुठीत घ्या, ‘मंतरलेली राख’ काढायच्या निमित्ताने खिशात टाका.

नजर हटवते ती बडबड. मार्कहॅमच्या मुलांना अवघड तीच, कारण आजी-आजोबांपुढे ती मराठीत हवी! आधी तिचाच सराव घ्या. कात्री तुम्ही धरा.