चार्जिंगचा लाल दिवा

समजा, श्रावणातली संध्याकाळ आहे. मुरबाडहून निघालेली एक जीप किन्हवली मागे टाकून शहापूर तालुक्यातील शेणवा गावाकडे येत आहे. पाऊस धो धो कोसळतो आहे, काच पुसणारे वायपर सारखे चालू आहेत आणि पुढचे दोन्ही मोठे दिवे लावलेले आहेत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची खाचरे पाण्याने भरली आहेत. इतक्यात ड्रायव्हरसमोरच्या फळीवर एक लहानसा लाल दिवा लागतो. त्यावर बॅटरीचे चित्र आहे. गाडी मात्र पूर्वीसारखीच पळते आहे. आता ड्रायव्हरने काय समजावे? शेणवा गाठता येईल काय? की तेथून पुढे शहापूरही गाठता येईल?

“बॅटरी गेली,” असे गाडीतले दोघेतिघे तरी म्हणतील. चित्र बॅटरीचे असल्यामुळे तसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हा दिवा बॅटरीची प्रकृती सांगतच नाही. तो कशाविषयी बोलतो हे समजण्यासाठी विद्यार्थीमित्रांनो, आपल्याला गाडीतील विजेची व्यवस्था थोडी पाहिली पाहिजे.

मोटारीच्या बॅटरीत सहा घट एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक घटात शिशाच्या आणि शिशाच्या पेरॉक्साइडच्या पट्ट्या विरल गंधकाम्लात बुडवलेल्या असतात. अशा एका घटाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट, म्हणून सहा घटांचे मिळून १२.६ व्होल्ट होतात. गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने असा शिशाचा घट १८५९ साली बनवला. त्याचा विशेष हा की वीज संपल्यावर उलट दिशेने प्रवाह सोडला म्हणजे तो पुन्हा भरतो. आपल्याकडे भाताची कणगी असते ना, तशीच ही बॅटरी. तिच्यात पिकत काही नाही, भरलेले तेवढे साठते.

पिकवण्याचे काम इंजिनाला पट्ट्याने जोडलेला आल्टर्नेटर करतो. त्याच्या आत एक विद्युतचुंबक फिरतो आणि भोवतालच्या तारांच्या वेटोळ्यांत फॅराडेने १८३१ साली दाखवलेल्या प्रवर्तनाच्या नियमाने वीज निर्माण होते. ही वीज प्रत्यावर्ती, म्हणजे सारखी दिशा बदलणारी असते. डायोड नावाच्या एकमार्गी दरवाज्यांतून जाताना ती एकदिश होते. तिचा दाब सुमारे १४ व्होल्ट राहील अशी काळजी रेग्युलेटर घेतो. बॅटरीचा दाब १२.६ असताना १४ कशाला, असे कोणी विचारील. पाणी जसे उंचावरून खाली वाहते तसाच प्रवाह जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातो. आल्टर्नेटरचा दाब बॅटरीपेक्षा चढा असल्याखेरीज बॅटरी भरणारच नाही.

आता लाल दिव्याकडे वळू. त्याचे एक टोक किल्लीच्या वाटे बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरे आल्टर्नेटरला जोडलेले असते. किल्ली फिरवली पण इंजिन अजून बंद आहे, अशा वेळी एका टोकाला १२ व्होल्ट आणि दुसऱ्या टोकाला जवळजवळ शून्य असते. विभवांतर आहे, म्हणून दिवा लागतो. इंजिन सुरू झाले की आल्टर्नेटरकडच्या टोकाचा दाबही चढतो. दोन्ही टोके सारख्या दाबाला आली म्हणजे विभवांतर उरत नाही आणि दिवा विझतो. दिवा विझवणारे बटण तेथे कोठेच नाही! दोन्ही बाजूंनी सारखा जोर लागला म्हणजे रस्सीखेचीतली दोरी जागच्या जागी राहते, तसाच हा प्रकार.

वर्गात हे सहज करून पाहता येईल. टॉर्चचे दोन घट घ्या आणि त्यांची ऋण टोके तारेने एकमेकांना जोडा. दोन्ही धन टोकांच्या मध्ये टॉर्चचा लहान बल्ब जोडा. तो लागणार नाही. आता एक घट काढून त्याच्या जागी नुसती तार लावा. बल्ब मंद का होईना, पेटेल. काढलेला घट हा आपला आल्टर्नेटर, आणि जागी लावलेली तार म्हणजे तोच आल्टर्नेटर स्थिर असताना.

अनेक गाड्यांत हा दिवा आणखी एक काम करतो आणि मला तर तेच सर्वांत गमतीचे वाटते. आल्टर्नेटरमधल्या विद्युतचुंबकाला चुंबकत्व येण्यासाठी आधी थोडा प्रवाह मिळावा लागतो. तो येतो या दिव्यातूनच! दोन-सव्वादोन वॉटचा हा बल्ब एक अँपिअरच्या पाचव्या भागाइतकाही प्रवाह देत नाही, पण सुरुवातीला तेवढे विरजण पुरते. म्हणूनच किल्ली फिरवल्यावर दिवा लागलाच नाही, तर “बरे झाले, काही बिघाड नाही” असे समजून पुढे जाऊ नये. बल्ब उडाला असेल, तर अशा गाडीत चार्जिंग सुरू होण्यातच अडचण येते आणि ते सांगायला दिवाही नसतो. किल्ली फिरवताच दिवा लागणे आणि इंजिन सुरू होताच विझणे, या दोन्ही गोष्टी रोज पाहिल्या पाहिजेत.

जुन्या ड्रायव्हरांना मात्र या दिव्याची फारशी भीती वाटत नसे. त्यालाही कारण आहे. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या सुरुवातीच्या फियाट गाड्यांत आल्टर्नेटर नसून डायनामो असे. इंजिन मंद फिरत असताना डायनामोचा दाब पुरेसा चढत नाही. त्यामुळे गाडी सिग्नलला थांबली की लाल दिवा मिणमिणे आणि वेग घेतला की विझे. ते अगदी नेहमीचे होते. २०२३ मध्ये मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेल्या, पण “दिवा मिणमिणतोच, त्यात काय” ही समजूत अजून ऐकू येते. आल्टर्नेटर मंद गतीलाही वीज देतो. तेव्हा आजच्या गाडीत दिवा मिणमिणला तर पट्टा सैल झाला असेल, आतले कार्बन झिजले असतील किंवा एखादा डायोड गेला असेल. डायोड गेला तर बहुधा दिवा पूर्ण न लागता अंधारातच दिसेल इतका मंद जळतो, कारण दोन टोकांतला फरक एकदोन व्होल्टचाच असतो.

किन्हवलीच्या पुढे आलेल्या आपल्या जीपमध्ये दिवा लख्ख लागला आहे. म्हणजे आल्टर्नेटरने काम सोडले आहे आणि कणगीतले धान्य तेवढे उरले आहे. ड्रायव्हरने सुरक्षित जागा पाहून थांबावे, इंजिन बंद करावे आणि बोनेट उघडून प्रथम पट्टा पाहावा. पुष्कळ गाड्यांत हाच पट्टा इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंपही फिरवतो. पट्टा तुटला असेल तर प्रश्न विजेचा राहत नाही, काही मिनिटांत इंजिन तापून निकामी होऊ शकते. तेथे पुढे जाण्याचा मोह टाळलाच पाहिजे. पट्टा शाबूत असेल तर तो सैल आहे का ते अंगठ्याने दाबून पाहावे. सर्वसाधारणपणे तो एखादा सेंटिमीटर दबतो. सैल पट्टा पावसात भिजला की घसरतो आणि किंचाळल्यासारखा आवाज करतो.

पट्टा ठीक असेल तर हिशेब करावा. ६० वॉटचे दोन दिवे म्हणजे १२० वॉट. त्याला १२ व्होल्टने भागले की १० अँपिअर येतात. वायपर, मागचे दिवे वगैरे मिळून आणखी ५ धरू. बॅटरी ६० अँपिअर-तासांची असेल तर कागदावर चार तास मिळाले. पण बॅटरी काठोकाठ भरलेली क्वचितच असते आणि ती रिती होण्यापूर्वीच दिवे पिवळे पडू लागतात. म्हणून निम्म्याहून अधिक धरू नये, आणि बॅटरी जुनी असेल तर तासाचाही भरवसा नाही. सेल्फ मारायला किती वीज लागते तेही पाहा. २०० अँपिअर तीन सेकंद म्हणजे ६०० अँपिअर-सेकंद, आणि मोठे दिवे तेवढीच वीज एका मिनिटात खातात. खर्च थोडा, पण तो एकदम करावा लागतो आणि अर्धी उतरलेली बॅटरी नेमके तेच करू शकत नाही. म्हणून पुन्हा निघाल्यावर मध्येच इंजिन बंद करू नये.

जुनी यांत्रिक पंपाची डिझेल जीप एकदा सुरू झाली की विजेवाचूनही चालते. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते आणि नव्या डिझेल इंजिनांनाही वीज लागते, त्यामुळे ती बंद पडतात. अर्थात डिझेल जीप चालली तरी दिव्यांवाचून रस्ता दिसणार नाही. दिवस असेल तर शहापूर गाठावे. रात्री पावसात शेणव्यालाच थांबणे शहाणपणाचे, असे माझे मत आहे.

कधी याच्या अगदी उलट घडते. लाल दिवा नीट लागतो आणि विझतो, तरीही सकाळी सेल्फ मारला की नुसता ‘टक्’ आवाज येतो. दिवे मात्र झकास लागतात. मग “दिवे लागतात म्हणजे बॅटरी चांगली” असे म्हणून लोक भलतेच भाग बदलत बसतात. येथे ओहमचा नियम वापरा. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-निळसर बुरशीसारखी पूड साचली आणि तेथे फक्त ०.०२ ओहम रोध निर्माण झाला असे समजा. दिव्यांचे १० अँपिअर जाताना तेथे ०.२ व्होल्ट वाया जातील, ते कोणाच्या लक्षातही येणार नाहीत. पण सेल्फचे २०० अँपिअर जायचे तर ४ व्होल्ट तेथेच खर्ची पडतील! उरलेल्या दाबावर सेल्फ बिचारा काय करणार? खाण्याच्या सोड्याचे पाणी घेऊन टर्मिनल स्वच्छ केले आणि घट्ट आवळले की अशा पुष्कळ ‘मेलेल्या’ बॅटऱ्या जिवंत होतात. ते करताना ऋण टोक आधी सोडावे, शेवटी जोडावे. सोड्याचे पाणी घटात जाऊ देऊ नये. बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून जवळ काडी ओढू नये.

शिक्षकांजवळ व्होल्टमापक असेल तर शाळेत येणाऱ्या एखाद्या गाडीवर तीन नोंदी घेता येतील. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी १२.६ च्या आसपास असावी. १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. इंजिन चालू असताना सुमारे १३.८ ते १४.५ दिसावेत, आणि मोठे दिवे लावल्यावरही आकडा १३ च्या वर राहावा. इंजिन चालू असून आकडा १२.५ वरून खाली खाली येत असेल तर चार्जिंग नाही. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे आणि बॅटरीतले पाणी उकळून आटेल. गाडी चालू असताना बॅटरीची तार काढून “इंजिन बंद पडते का” हे पाहण्याची एक जुनी रीत आहे. ती मुळीच वापरू नये. तार निघताच आल्टर्नेटरचा दाब क्षणभर एकदम उसळतो आणि डायोडच नव्हे तर गाडीतला संगणकही जळू शकतो.

आजच्या बहुतेक गाड्यांत लाल दिवा हा संगणक लावतो आणि विझवतो, त्यामुळे दोन टोकांची ही सरळ जोडणी तेथे आढळेलच असे नाही. विजेवर चालणाऱ्या मोटारीत तर आल्टर्नेटर नाही, पट्टाही नाही. पण बोनेटखाली पाहिलेत तर बहुतेकींत १२ व्होल्टची लहान बॅटरी सापडेल. मोठ्या बॅटरीची शेकडो व्होल्टची वीज उतरवून ती भरली जाते. गाडीतला संगणक आणि मोठ्या बॅटरीला जोडणारे स्विच या लहान बॅटरीवर चालतात. ती उतरली, तर खालची मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.