कामापुरता सर्व्हर
खारघरमध्ये घरून काम करणाऱ्या प्रोग्रामरला नवा बदल तपासण्यासाठी आता स्वतःच्या लॅपटॉपवर डेटाबेस आणि सर्व्हर बसवत बसण्याची गरज नाही. कोणती यंत्रणा हवी, हे एका फाइलमध्ये लिहून ठेवता येते. बदल तपासणीला आला, की टेराफॉर्मसारखे साधन ती फाइल वाचून क्लाउडवर, समजा २०१६मध्ये सुरू झालेल्या ॲमेझॉनच्या मुंबई विभागात, तात्पुरते एन्व्हायर्नमेंट उभारते. बदल मुख्य कोडमध्ये मिसळला, की तेच साधन ते मोडूनही टाकते. मला या मोडण्याचेच मोल अधिक वाटते, कारण विसरलेला सर्व्हर रिकामा पडूनही भाडे चढवत राहतो. म्हणून अशा प्रत्येक एन्व्हायर्नमेंटला मुदत घालावीच. आणि तिथे ग्राहकांची खरी माहिती मुळीच ठेवू नये. चाचणीला बनावट नोंदी पुरतात.